दोनशे बावीस राखणदार आणि त्यांची भाकरी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. (कारण नेहमीचंच. रिलीज!) आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण लगेच टॅब बंद करू नका. यात भातशेती आहे, समुद्रातले किल्ले आहेत आणि अस्मादिकांची फजितीसुद्धा आहे.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. दसऱ्यानंतरच्या शनिवारी एका मित्राच्या गावी गेलो होतो. गाव पोयनाडच्या जवळ, अलिबागच्या खारेपाटातलं. वडखळ सोडून पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरंच खाचरं. बांधांनी आखलेले चौकोन, भात पिकून पिवळं झालेलं, आणि दूर खाडीच्या बाजूला तिवरांची हिरवी रेघ. बाकीचे लोक असल्या वेळी फोटो काढतात. मी चौकोन मोजत होतो.

त्याला कारण होतं. त्याच आठवड्यात आमच्या टीमकडे एका गोदामाचं काम आलं होतं. गोदामाची जमीन चौकोनांत आखलेली, ४० बाय २५, म्हणजे बरोबर १००० चौकोन. एका चौकोनात सेन्सर बसवला की तो स्वतःचा चौकोन आणि वर-खाली-डावी-उजवीकडचे चार एवढ्यांवर नजर ठेवणार. कमीतकमी किती सेन्सर लागतील? मीटिंगमध्ये मी फुशारकीने सांगून टाकलं, २२२. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. कसं काढलं म्हणून विचारलं, तर म्हटलं, सूत्र आहे. दोन दिवसांचं काम आहे, सोमवारी लेआउट देतो. मॅनेजर खूश, मी खूश, शुक्रवारची संध्याकाळ खूश.

सूत्र खरंच आहे बरं का. आधी त्याचीच कहाणी सांगतो, कारण ती मला अजूनही आवडते.

असं समजा, की हे सगळे चौकोन म्हणजे खाचरं आहेत. पीक तयार झालंय, पाखरं आहेत, मोकाट गुरं आहेत, तेव्हा राखण हवी. एका खाचरात बसवलेला राखणदार स्वतःचं खाचर आणि बांधाला बांध लागून असलेली चार खाचरं सांभाळतो. एकही खाचर राखणीवाचून राहू नये, आणि माणसं कमीतकमी लागावीत. गणितात याला डॉमिनेशनचा प्रश्न म्हणतात, आणि अशा माणसांच्या संचाला डॉमिनेटिंग सेट.

हा प्रश्न शेतातून आला नाही, बुद्धिबळाच्या पटावरून आला. १८६२ मध्ये पीटर्सबर्गच्या कार्ल येनिश नावाच्या गृहस्थांनी बुद्धिबळाच्या गणितावर फ्रेंचमध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात एक प्रश्न असा, की पटावरच्या ६४ घरांपैकी प्रत्येक घरावर एखाद्या वजिराचा तरी मारा असावा यासाठी किती वजीर लागतील? उत्तर आहे ५. चारात भागत नाही. पुढे शंभरेक वर्षं हा प्रश्न रविवारच्या कोड्यांमध्येच पडून होता. १९५८ मध्ये फ्रान्सच्या क्लोद बेर्ज यांनी त्याला ग्राफ थिअरीत जागा दिली, आणि १९६२ मध्ये ऑयस्टीन ओर या नॉर्वेजियन गणितज्ञाने आपल्या पुस्तकात डॉमिनेटिंग सेट हे नाव रूढ केलं. म्हणजे येनिशच्या पुस्तकानंतर बरोबर १०० वर्षांनी बाळाचं बारसं झालं.

आता आपल्या खाचरांकडे या. शेत जर सगळ्या दिशांना अमर्याद पसरलेलं असेल तर उत्तर अगदी सोपं आणि देखणं आहे. राखणदार बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने बसवत जा, दोन घरं सरळ आणि एक आडवं. कोणतंही खाचर सुटत नाही, आणि कोणत्याही खाचरावर दोघांची नजर पडत नाही. एक माणूस बरोबर पाच खाचरं. वाया काही नाही. (कागदावर करून बघा, दोन मिनिटं लागतात, आणि मग मीटिंगमध्ये वहीवर तेच काढत बसण्याची सवय लागते.)

गडबड आहे ती कडेला. शेत अमर्याद नसतं, त्याला शेवटचा बांध असतो. कडेजवळच्या राखणदाराचं एखादं खाचर शेताबाहेर पडतं आणि तेवढी नजर वाया जाते. मग कडेला कशी जुळवाजुळव करायची, की नासाडी कमीतकमी होईल? १९९२ मध्ये टोनी चँग नावाच्या विद्यार्थ्याने अमेरिकेत साउथ फ्लोरिडा विद्यापीठात पीएचडी करताना याचं एक उत्तर सुचवलं. दोन्ही बाजूंमध्ये प्रत्येकी २ मिळवा, गुणाकार करा, ५ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या, आणि ४ वजा करा. मात्र लहान बाजू किमान १६ हवी. एवढ्या माणसांत काम होतं हे चँगने करून दाखवलं. याहून कमी माणसांत होतच नाही, हे मात्र त्याला सिद्ध करता आलं नाही.

इथे जरा थांबतो, कारण आमच्या धंद्यातल्या लोकांना हा फरक पटकन कळत नाही. चालणारा कोड लिहिणं वेगळं, आणि याहून चांगला कोड असूच शकत नाही हे दाखवणं वेगळं. पहिल्याला एक रात्र आणि चहा पुरतो. दुसऱ्याला इथे जवळजवळ २० वर्षं लागली. २०११ मध्ये गोन्साल्व्हेस, पँलू, राव आणि थोमासे या फ्रान्समधल्या चौघांनी चँगचं म्हणणं खरं ठरवलं. (यातले राव म्हणजे मिकाएल राव. आडनाव बघून मीही एक क्षण कॉलर ताठ केली होती. पण मंडळी, तिकडेही राव असतात.) त्यांनी केलं काय, तर हिशोब उलटा मांडला. प्रत्येक राखणदाराच्या पाच नजरा धरायच्या, आणि त्यातल्या किती फुकट जातात ते मोजायचं: काही शेताबाहेर, काही दुसऱ्याच्या खाचरावर दुबार. मग चारही कडांच्या पट्ट्यांत किमान किती नासाडी अटळ आहे, ते कॉम्प्युटरकडून काढून घेतलं. मधल्या भागाकडे त्यांना बघावंच लागलं नाही. तिथे घोड्याच्या चालीने शून्य नासाडी होते हे आधीच माहीत होतं.

तर माझं ४० बाय २५. दोन-दोन मिळवा, ४२ गुणिले २७ म्हणजे ११३४. भागिले ५, २२६. वजा ४, २२२. आहे की नाही सोपं? १००० चौकोनांना आदर्श हिशोबाने २०० लागले असते, कडांनी वरचे २२ खाल्ले.

बाजू १६ हून लहान असेल तर सूत्रावर विसंबायचं नाही. ५ बाय ५ ला सूत्र म्हणतं ५, प्रत्यक्षात लागतात ७. अशा अरुंद पट्ट्यांसाठी वेगळी युक्ती आहे, डायनॅमिक प्रोग्रामिंगची. एकेक रांग घेत पुढे सरकायचं आणि रांगेतल्या प्रत्येक खाचराबद्दल फक्त तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: इथे माणूस आहे, इथे माणूस नाही पण कोणाची तरी नजर आहे, किंवा हे अजून उघडं आहे आणि पुढच्या रांगेतल्या माणसाची वाट बघतंय. रुंदी १६ असेल तर तीनाचा सोळावा घात, म्हणजे साधारण ४ कोटी ३० लाख अवस्था. त्यातल्या बऱ्याच शक्यच नसतात, त्यामुळे साधा लॅपटॉपही हे रेटून नेतो. पण रुंदी एकाने वाढली की काम तिप्पट. रुंदी २५ झाली की आकडा ८४ हजार कोटींच्या वर जातो. म्हणजे हा मार्ग रुंदीपुढे दम टाकतो, आणि म्हणूनच चँगच्या सूत्राचं मोल.

आता मूळ गोष्टीवर. शनिवारी दुपारी मित्राचे काका आम्हाला शेतावर घेऊन गेले. मी बांधावर उभं राहून बघतो तो काय, चौकोन लांबून दिसले तसे नव्हतेच. एका बाजूने खाडीचा फाटा आत घुसलेला. एका ठिकाणी काही वर्षांपूर्वी बाहेरच्या बांधाला खांड पडली होती, खारं पाणी शिरलं, ती खाचरं गेली आणि आता तिथे तिवरं उगवलीयत. एक पट्टा तर इतका निमुळता, की एकापुढे एक अशी एकेरी खाचरं. आणि माझ्या डोक्यात टकटक व्हायला लागलं, कारण आमच्या गोदामातही खांब होते, लिफ्टची खोली होती, कुलूपबंद पिंजरे होते. ४० बाय २५ हा बाहेरचा मोजमापाचा आकडा होता. आतल्या भोकांचं काय?

त्या भोकांची कथा १९९० ची आहे. क्लार्क, कोलबर्न आणि जॉन्सन या तिघांनी दाखवलं, की ग्रिडमधले हवे ते चौकोन काढून टाकून उरलेल्या आकारावर डॉमिनेशनचा प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो. म्हणजे सगळ्या आकारांना लागू पडेल अशी झटपट पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि ज्याला सापडेल तो एका झटक्यात ट्रॅव्हलिंग सेल्समनसकट असले हजारो प्रश्न सोडवून मोकळा होईल. पूर्ण आयतावर शाळकरी गुणाकार-भागाकार, आणि त्याच आयतातून चार चौकोन काढले की एकदम एनपी-कम्प्लीट? मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे पटलंच नव्हतं.

पण तो निमुळता पट्टा बघितला आणि कारण डोळ्यांपुढे आलं. एकेरी पट्ट्यात एक माणूस तीन खाचरं सांभाळतो, मधलं आणि दोन बाजूंची. दोन ठिकाणांना जोडणाऱ्या अशा पट्ट्यात आणखी तीन खाचरं घातली, की बरोबर एकच माणूस वाढतो, आणि टोकांशी असलेली परिस्थिती जशीच्या तशी पलीकडे पोचते. म्हणजे पट्टा ही वायर झाली! लांबी तीनाच्या पटीत वाढवा, हवी तशी वळवा, निरोप तोच जातो. मग सपाट कागदावर वायरी एकमेकींना न छेदता काढता येईल असं कोणतंही जाळं खाचरांच्या पट्ट्यांनी बांधता येतं, आणि अशा सपाट जाळ्यांवर डॉमिनेशन अवघड आहे हे आधीपासून माहीत होतं. मोकळ्या मैदानात वायरी ओढता येत नाहीत. त्यासाठी भोकंच लागतात.

फार निराश होऊ नका. सपाट जाळ्यांवर उत्तराच्या हवं तितकं जवळ जाता येतं, ब्रेंडा बेकर यांनी १९८३ मध्येच ती रीत दिली होती. दोन-चार टक्के जास्त सेन्सर लागले तर कोणी फासावर देत नाही. तेव्हा मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, २२२ च्या ऐवजी २३०-२३५ सांगू, थोडी लाज जाईल, निभावून नेऊ.

हे सगळं मी काकांना उत्साहाने समजावलं. बांधावरच्या मातीत काडीने चौकोन काढून, घोड्याच्या चालीने खडे ठेवून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, माणसं तर बसवलीस. पण त्यांना भाकरी कोण नेऊन देणार?"

मी हसलो. मित्रही हसला. मग माझं हसू थांबलं.

कारण घोड्याच्या चालीत हीच तर खोड आहे. त्यात प्रत्येक राखणदार एकटा असतो, त्याच्या चारही बाजूंच्या खाचरांत दुसरं कोणी नाही. आणि आमच्या गोदामातल्या सेन्सरना आपली माहिती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे देत दारापर्यंत पोचवायची होती. लोखंडी रॅकच्या गर्दीत त्यांचा सिग्नलही शेजारच्या चौकोनापलीकडे धड जात नव्हता. २२२ सेन्सर सगळं बघणार होते, आणि सांगणार कोणालाच नव्हते.

संध्याकाळी आम्ही थळच्या किनाऱ्यावर गेलो. समोर खांदेरी आणि उंदेरी. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी: ही दोन बेटं मुंबई बंदराच्या दक्षिणेच्या तोंडाशी आहेत, एकमेकांना नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि दोन्हींवर किल्ले आहेत. खांदेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून. नकाशावर खांदेरी, उंदेरी, कुलाबा, कोर्लई, पद्मदुर्ग, जंजिरा असे ठिपके बघितले की आपल्यासारख्याला वाटतं, हाच तो डॉमिनेटिंग सेट. पण हे ठिपके एका धन्याचे नव्हते. पोर्तुगीज, सिद्दी, मराठे, आणि वर मुंबईत इंग्रज, सगळे एकमेकांच्या चौकोनात.

१६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना खांदेरीवर पाठवून तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबईच्या इंग्रजांना हे परवडणारं नव्हतं, त्यांच्या दारातच पहारा बसत होता. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर १६७९ ला मोठी चकमक झाली. त्यात मराठ्यांनी इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाज पकडलं, आणि इंग्रजांच्या 'रिव्हेंज'ने तोफांच्या जोरावर मराठ्यांची गलबतं मागे रेटली. लढाई कोण जिंकलं यावर अजून वाद घालता येईल. पण खांदेरी टिकली ती थळ आणि नागावच्या बाजूने रात्री येणाऱ्या लहान होड्यांमुळे. त्या उथळ पाण्यातून जायच्या, अंधारात निसटायच्या, आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्या काही अडवता येईनात. बेटावर दाणागोटा, माणसं, सामान पोचत राहिलं. सिद्दीही आरमार घेऊन आला, आणि १६८० च्या जानेवारीत त्याने शेजारची उंदेरी धरली. पण इंग्रजांनी त्याच सुमारास नाद सोडला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

याच्या उलट उदाहरण त्याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला, मुरूडपाशी. जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक बसवण्यासाठी महाराजांनी समोरच्या कासा खडकावर पद्मदुर्ग बांधला. नजर ठेवायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. पण जानेवारी १६७५ मध्ये महाराजांना प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना एक खरमरीत पत्र लिहावं लागलं. पद्मदुर्गाच्या कामी लागलेल्या दर्यासारंग आणि दौलतखानाच्या आरमारासाठी पैसे आणि धान्य द्यायचा हुकूम झाला होता, तो पाळलाच गेला नव्हता. किल्ला जागेवर होता, आरमार होतं, आणि रसद अडली होती कारकुनाच्या दप्तरात. पत्राचा सूर असा, की सिद्दीने तुम्हाला फितवलंय की काय! ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचा. ऑफिसातल्या एस्कलेशनच्या मेला त्यापुढे पोरकट वाटतात.

गंमत म्हणजे गणितवाल्यांनाही भाकरीचा प्रश्न पडलाच होता, फक्त जरा उशिरा. १९७९ मध्ये ई. संपतकुमार आणि एच. बी. वालीकर यांनी कनेक्टेड डॉमिनेशनवर निबंध लिहिला: राखणदार नुसते पुरेसे नकोत, ते एकमेकांशी साखळीने जोडलेलेही हवेत. ही मंडळी धारवाडची, म्हणजे आमच्या बेळगावच्या आत्याकडून दोनेक तासांवर. १९८० मध्ये कॉकेन, डॉस आणि हेडेटनिएमी यांनी टोटल डॉमिनेशन आणलं, तिथे अट थोडी सैल: प्रत्येक राखणदाराला किमान एक राखणदार शेजारी हवा. आणि १९९९ मध्ये इयन स्ट्युअर्ट यांनी रोमन सैन्यावरून आणखी एक प्रकार लोकप्रिय केला. त्यात ज्या प्रांतात सैन्य नाही त्याच्या शेजारी दोन तुकड्या हव्यात, म्हणजे एक मदतीला धावली तरी घर उघडं पडत नाही. ग्रिडवरचं या रोमन प्रकाराचं उत्तर राव आणि तालों यांनी २०१९ मध्ये काढलं.

अट बदलली की खर्च किती बदलतो बघा. एकट्या राखणदाराच्या वाट्याला पाच खाचरं. टोटलमध्ये माणूस स्वतःच्या खाचराचा धनी नाही, त्याला शेजारी बघतो, म्हणून चार. साखळीत मात्र नवा माणूस जोडताना त्याचं स्वतःचं खाचर आधीच शेजाऱ्याच्या नजरेत असतं, आणि शेजाऱ्याचंही सांभाळलेलंच असतं. नवीन पदरात पडतात जास्तीत जास्त तीन. पहिल्याचे पाच, पुढच्या प्रत्येकाचे तीन. १००० चौकोनांना किमान ३३३. कडा, खांब, पिंजरे अजून धरलेलेच नाहीत! म्हणजे मी जो आकडा छातीठोकपणे सांगितला होता, त्याच्या दीडपट तर निव्वळ भाकरीसाठी.

रविवारी परतीच्या वाटेवर मांडव्याच्या लाँचमध्ये मी हे गणित तीन वेळा तपासलं. चूक सापडावी अशी मनापासून इच्छा होती.

सोमवारी मीटिंगमध्ये सांगितलं, शुक्रवारचा आकडा चुकीचा होता. थोडी शांतता. मग मॅनेजरने विचारलं, सूत्र चुकलं का? म्हटलं, सूत्र बरोबर आहे, मी चुकीच्या प्रश्नाला लावलं. बजेट वाढवून मागायचं म्हणून अर्थातच पुढचे दोन तास बरे गेले नाहीत. मग एका सहकारणीने आणि मी मिळून, रॅकच्या रांगांमधून साखळी फिरवत, खांब चुकवत, हाताने आणि थोडा कोड लिहून लेआउट केला. ३६१ लागले. त्याहून कमीत झालं असतं का, ते आम्ही काढलं नाही. दिवाळीआधी गोदाम चालू करायचं होतं.